अंध स्त्रियांचे पुनर्वसन व व्यवसाय-प्रशिक्षण

अंध स्त्रियांचे पुनर्वसन व व्यवसाय-प्रशिक्षण म्हणजे जन्मतः किंवा पुढील आयुष्यात दृष्टी गमावलेल्या स्त्रीला दैनंदिन व्यवहार, हिंडणे-फिरणे, वाचन-लेखन आणि अर्थार्जन स्वतःच्या बळावर करता यावे यासाठी दिले जाणारे पद्धतशीर शिक्षण होय. वैद्यकीय उपचारांनी दृष्टी परत मिळण्याची शक्यता जेथे संपते, तेथून या कार्याचा आरंभ होतो. भारतात अंधांच्या शिक्षणाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरुवात झाली. तथापि प्रौढ अंध स्त्रियांच्या व्यवसाय-प्रशिक्षणाकडे स्वतंत्रपणे लक्ष जाण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. प्रस्तुत लेखात मुख्यतः भारतातील, आणि त्यातही महाराष्ट्राशी संबंधित, माहिती दिली आहे.

संज्ञा व व्याख्या

मराठीत ‘पुनर्वसन’ हा शब्द प्रामुख्याने धरणग्रस्त किंवा भूकंपग्रस्त लोकांना नव्या जागी वसवण्याच्या संदर्भात वापरला जातो. अपंगत्वाच्या क्षेत्रात मात्र त्याचा अर्थ गमावलेली कार्यक्षमता निराळ्या मार्गाने पुन्हा मिळवणे असा होतो. जन्मांध मुलीच्या बाबतीत ही कौशल्ये प्रथमच घडवायची असतात, तर प्रौढपणी दृष्टी गेलेल्या स्त्रीला पूर्वी डोळ्यांच्या आधारे होणारी कामे कान, स्पर्श, गंध व स्मरणशक्ती यांच्या आधारे नव्याने शिकावी लागतात. दोघींच्या गरजा भिन्न असल्यामुळे त्यांचे अभ्यासक्रमही भिन्न ठेवावे लागतात.

‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ नुसार, शक्य ती सर्व दृष्टिसुधारणा केल्यानंतरही दृष्टी पूर्णपणे नसणे, चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असणे किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असणे म्हणजे अंधत्व होय. ३/६० याचा अर्थ असा की, सामान्य डोळ्याला जे अक्षर ६० मीटरवरून दिसते, ते ओळखण्यासाठी संबंधित व्यक्तीला ३ मीटरवर यावे लागते. यापेक्षा अधिक, परंतु ६/१८ च्या पुढे न जाणाऱ्या दृष्टीला ‘अल्पदृष्टी’ म्हणतात. त्यामुळे कायद्याने अंध ठरलेल्या अनेक स्त्रियांना उजेड, सावली किंवा मोठ्या वस्तूंचे आकार जाणवतात. ही उरलेली दृष्टी वापरण्यास शिकवणे हाही पुनर्वसनाचा एक भाग आहे.

प्रश्नाचे स्वरूप

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख होती व त्यांपैकी सुमारे २४ लाख स्त्रिया होत्या. जागतिक पातळीवर दृष्टी गमावलेल्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण निम्म्याहून अधिक मानले जाते. भारतातील गणनेत ते कमी दिसते, याचे एक कारण घरातील अंध मुलीची किंवा सुनेची नोंदच न करणे हे असावे, असे मानले जाते. मोतीबिंदूसारख्या बऱ्या होऊ शकणाऱ्या विकारातही शस्त्रक्रिया होण्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये कमी आढळते. दवाखाना लांब असणे, सोबतीला कोणी नसणे आणि कुटुंबाच्या खर्चात स्त्रीच्या उपचारांचा क्रम शेवटी लागणे ही त्याची कारणे होत.

याच जनगणनेत सर्व प्रकारच्या अपंग पुरुषांपैकी सुमारे ६२ टक्के, तर अपंग स्त्रियांपैकी सुमारे ४५ टक्के साक्षर होत्या. काम करणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत ४७ टक्के आणि स्त्रियांत २३ टक्के होते. अंध असणे आणि स्त्री असणे या दोन गोष्टींचा परिणाम एकमेकांत मिसळून वाढतो, हे या आकड्यांवरून लक्षात येते. अंध मुलाला शहरातील वसतिगृहात पाठवणारे कुटुंब अंध मुलीला त्याच ठिकाणी पाठवण्यास कचरते. तिच्या सुरक्षिततेची काळजी खरी असली, तरी तिचा शेवट बहुधा मुलगी शाळेबाहेर राहण्यात होतो. लग्नानंतर दृष्टी गेल्यास स्त्रीला माहेरी परत पाठवल्याची उदाहरणेही आढळतात. अंध पुरुषाला डोळस पत्नी मिळणे समाजात स्वाभाविक मानले जाते. अंध स्त्रीच्या बाबतीत तशी अपेक्षा सहसा धरली जात नाही.

इतिहास

अंधांसाठीची जगातील पहिली शाळा व्हॅलेंटिन ऑई यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस येथे काढली. याच शाळेचा विद्यार्थी लुई ब्रेल (१८०९–१८५२) याने सहा टिंबांची लिपी तयार केली व १८२९ मध्ये ती प्रथम पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

भारतातील पहिली अंधशाळा १८८७ मध्ये अॅनी शार्प या मिशनरी बाईंनी अमृतसर येथे स्थापन केली. ही शाळा १९०३ मध्ये देहरादूनजवळील राजपूर येथे हलवण्यात आली. मुंबईत १९०० मध्ये, दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर, अमेरिकन मराठी मिशनच्या अॅना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. तीच पुढे दादर येथील ‘कमला मेहता अंधशाळा’ या नावाने केवळ मुलींची निवासी शाळा म्हणून नावारूपास आली. पुणे येथील अंधशाळेची मुलींसाठीची स्वतंत्र शाळा कोथरूडमध्ये आहे, तर आळंदी येथे ‘जागृती’ ही अंध मुलींची शाळा आहे.

प्रौढांच्या पुनर्वसनाचे शास्त्र मात्र शाळांतून नव्हे, तर युद्धांतून विकसित झाले. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी आर्थर पिअर्सन यांनी १९१५ मध्ये लंडनमध्ये ‘सेंट डन्स्टन्स’ ही संस्था काढली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रिचर्ड हूव्हर यांनी अमेरिकेतील लष्करी रुग्णालयात लांब काठीच्या साहाय्याने चालण्याचे तंत्र बसवले. भारतीय सैनिकांसाठी १९४३ मध्ये देहरादून येथे ‘सेंट डन्स्टन्स’ वसतिगृह सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने ते ताब्यात घेऊन १९५० मध्ये तेथे प्रौढ अंधांसाठी प्रशिक्षण केंद्र स्थापन केले. या केंद्रात स्त्रियांसाठी विभाग उघडला गेला तो १९५७ मध्ये. काठीची लांबी, कार्यशाळेतील यंत्रे, वसतिगृहाची दिनचर्या आणि व्यवसायांची निवड यांची घडण सैनिकांना समोर ठेवून झाली होती आणि तिच्यात स्त्रियांचा प्रवेश नंतर झाला, ही बाब पुढील काळातील अनेक उणिवा समजून घेण्यास उपयोगी पडते. हे केंद्र विस्तारत जाऊन आज राष्ट्रीय दृष्टिदिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेचा भाग आहे.

१९५२ मध्ये मुंबई येथे ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ (नॅब) या संस्थेची स्थापना झाली. ब्रेल छपाई, बोलकी पुस्तके, औद्योगिक कार्यशाळा व ग्रामीण पुनर्वसन अशा अनेक शाखांतून नॅबचे कार्य चालते. दिल्ली येथे नॅबचे अंध स्त्रियांसाठीचे स्वतंत्र केंद्र असून त्यात निवासी स्वरूपाचे प्रशिक्षण दिले जाते.

पुनर्वसनाचे टप्पे

समुपदेशन

प्रौढपणी दृष्टी गेलेली स्त्री प्रारंभी दीर्घकाळ आशेवर असते. एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात, तेथून वैदूकडे व नवसाकडे असा प्रवास काही वर्षे चालतो. दृष्टी परत येणार नाही हे स्वीकारल्याशिवाय काठी हाती घेण्याची तयारी होत नाही. पांढरी काठी हे अंधत्वाचे उघड चिन्ह असल्याने ‘चार लोकांत दिसेल’ म्हणून ती नाकारण्याकडे कल असतो. विशेषतः अविवाहित मुलींच्या आईवडिलांचा. म्हणून समुपदेशन एकट्या स्त्रीचे न करता कुटुंबाचेही करावे लागते.

दिशाज्ञान व चलनवलन

आपण कोठे आहोत हे ओळखणे म्हणजे दिशाज्ञान आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सुरक्षित जाणे म्हणजे चलनवलन. काठी साधारणपणे छातीच्या हाडापर्यंत पोहोचेल एवढ्या लांबीची निवडतात. चालताना काठीचे टोक खांद्यांच्या रुंदीपेक्षा किंचित अधिक अंतरात डावी-उजवीकडे फिरवतात. उजवा पाय पुढे पडताना टोक डावीकडे टेकते, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच तपासली जाते. भिंतीवरून परतणारा आवाज, पिठाच्या गिरणीची घरघर, औषधाच्या दुकानाचा वास, पायाखालचा उतार या खुणांवरून रस्ता मनात बसवला जातो.

डोळस व्यक्तीच्या सोबतीने चालण्याचीही निश्चित पद्धत आहे. अंध व्यक्ती सोबत्याच्या हाताला कोपराच्या किंचित वर धरते व अर्धे पाऊल मागे राहून चालते. सोबत्याने तिचा दंड पकडून ओढणे किंवा ढकलणे चुकीचे असते. स्त्रियांच्या बाबतीत या नियमाला आणखी एक महत्त्व आहे. धरण्याचा व सोडण्याचा अधिकार तिच्याकडे राहिल्याने अनोळखी व्यक्तीच्या नकोशा स्पर्शाला आळा बसतो. साडी सावरून काठी चालवणे, कडेवर मूल घेऊन जिना उतरणे, गर्दीच्या लोकलमध्ये चढणे हे प्रसंग स्त्रियांच्या प्रशिक्षणात स्वतंत्रपणे शिकवावे लागतात.

घरकाम व स्वतःची काळजी

अंध स्त्रीला विस्तवाजवळ जाऊ न देणे ही बहुतेक घरांतील रीत आहे. प्रत्यक्षात स्वयंपाक हे योग्य पद्धतीने शिकल्यास सुरक्षितपणे करता येण्याजोगे काम आहे. शेगडी पेटवण्याआधी भांडे बर्नरवर मधोमध बसवणे, बटणाची दिशा बोटांनी ओळखणे, पदर खोचून घेणे, उकळीच्या व मोहरी तडतडण्याच्या आवाजावरून उष्णता जाणणे, भाजल्याचा वास ओळखणे या गोष्टी क्रमाने शिकवल्या जातात. थंड पाणी ओततानाच भांड्याच्या कडेला बोट लावून पातळी पाहतात. गरम द्रवासाठी कडेला अडकवण्याचे व पातळी गाठताच वाजणारे छोटे उपकरण मिळते. डब्यांची जागा ठरलेली असणे हा स्वयंपाकघराचा पहिला नियम होय, आणि तो घरातील इतरांनी पाळला तरच उपयोगी पडतो.

कपड्यांचे रंग ओळखण्यासाठी आतील बाजूस बटण किंवा टाका घालून खूण करतात. रांगत्या मुलाच्या पायात घुंगरांचे वाळे घातल्यास आईला ते कोठे आहे हे समजते. मासिक पाळीतील स्वच्छता, औषधांच्या बाटल्यांवरील खुणा व स्वसंरक्षण हेही अभ्यासक्रमाचे भाग असतात.

पैशांची ओळख हा स्वावलंबनाचा महत्त्वाचा घटक होय. महात्मा गांधी नव्या मालिकेतील नोटांची लांबी मूल्यानुसार वाढत जाते. १० रुपयांची नोट १२३ मिलिमीटर, १०० रुपयांची १४२ मिलिमीटर व ५०० रुपयांची १५० मिलिमीटर लांब असते. १००, २०० व ५०० रुपयांच्या नोटांच्या कडांना उठावदार रेघाही असतात. नोट जुनी झाल्यावर उठाव झिजतो. म्हणून बोटांच्या पेरांवर लांबी मोजण्याची सवय लावली जाते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये ‘मनी’ हे नोट ओळखून मूल्य उच्चारणारे मोबाइल अॅप उपलब्ध केले.

ब्रेल व संगणक

भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये समान अशी ‘भारती ब्रेल’ पद्धती स्वीकारण्यात आली. मराठी ब्रेल तिच्यावरच आधारलेली आहे. यात मात्रा अक्षराच्या वर-खाली न लागता व्यंजनानंतर स्वतंत्र घरात येते. त्यामुळे ‘कि’ लिहिताना आधी क व नंतर इ ची खूण येते, म्हणजे लिपी उच्चाराच्या क्रमाने चालते. ब्रेल पाटीवर टोचणीने उजवीकडून डावीकडे लिहितात आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचतात. १५ फेब्रुवारी २००८ पासून स्वागत थोरात यांच्या संपादनाखाली निघू लागलेले ‘स्पर्शज्ञान’ हे मराठीतील ब्रेल पाक्षिक होय.

ज्यांना उशिरा अंधत्व आले त्यांची बोटे ब्रेलला सरावण्यास वेळ लागतो. अशा स्त्रियांना पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी संगणक प्रणाली अधिक उपयोगी ठरते. ‘एनव्हीडीए’ ही अशी प्रणाली विनामूल्य असून ती मराठी मजकूरही वाचते. अँड्रॉइड मोबाइलमधील ‘टॉकबॅक’ सुविधेमुळे संदेश पाठवणे व बँकेचे व्यवहार स्वतः करणे शक्य झाले आहे. पूर्वी पत्र वाचून घेण्यासाठीही दुसऱ्याची गरज लागत असे. खासगी गोष्ट खासगी राहणे हा या तंत्रज्ञानाचा स्त्रियांना झालेला मोठा लाभ मानला जातो.

व्यवसाय-प्रशिक्षण

पारंपरिक व्यवसाय

प्रारंभीच्या काळात खुर्च्यांचे वेतकाम, हातमाग, विणकाम, मेणबत्त्या, खडू व कागदी फायली तयार करणे हे व्यवसाय शिकवले जात. आजही अनेक संस्थांत ते शिकवतात. बोटांचे कौशल्य व एकाग्रता वाढणे, घरबसल्या काम करता येणे आणि भांडवल कमी लागणे हे त्यांचे गुण. मात्र यंत्रावर तयार होणाऱ्या स्वस्त मालापुढे हा माल टिकत नाही. तो बहुधा दिवाळीच्या प्रदर्शनात सहानुभूतीपोटी विकला जातो व वर्षभराचे उत्पन्न त्यातून मिळत नाही. केवळ वेळ चांगला जावा म्हणून दिलेले काम आणि ज्यावर घर चालेल असे काम यांत फरक करणे आवश्यक आहे, हा या क्षेत्रातील जुना वाद आहे.

कार्यालयीन व सेवा व्यवसाय

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दूरध्वनी चालक, लघुलेखक, संगीत शिक्षक, विशेष शिक्षक व मसाज व्यावसायिक या कामांत अंध व्यक्तींना संधी मिळू लागली. स्वयंचलित यंत्रणा आल्याने दूरध्वनी चालकाच्या जागा घटल्या. त्यांची जागा संगणकावर आधारित कामांनी घेतली. बँका, ग्राहकसेवा केंद्रे, ध्वनिमुद्रित मजकुराचे टंकलेखन व संकेतस्थळे अपंगांना वापरता येतात का याची तपासणी ही आजची प्रमुख क्षेत्रे होत.

स्पर्शाद्वारे स्तनतपासणी

अंध स्त्रियांसाठी खास असलेला व त्यांच्या स्पर्शज्ञानाला वैद्यकीय मूल्य देणारा एक व्यवसाय जर्मनीत सुरू झाला. ड्यूसबर्ग येथील स्त्रीरोगतज्ज्ञ फ्रँक हॉफमन यांनी ‘डिस्कव्हरिंग हँड्स’ या उपक्रमाद्वारे अंध स्त्रियांना स्तनातील गाठी स्पर्शाने शोधण्याचे प्रशिक्षण देण्यास प्रारंभ केला. भारतात हा अभ्यासक्रम नॅबच्या दिल्लीतील अंध स्त्रियांच्या केंद्राने २०१७ मध्ये आणला. सुमारे नऊ महिन्यांच्या प्रशिक्षणात शरीररचना, तपासणीची पद्धत, रुग्णाशी संवाद व नोंदी ठेवणे हे विषय असतात. तपासणीच्या वेळी छातीवर उठावदार खुणांच्या चिकटपट्ट्या लावून भाग पाडले जातात व प्रत्येक भाग सेंटिमीटरगणिक निरनिराळा दाब देऊन तपासला जातो. त्यामुळे संशयास्पद गाठीचे नेमके स्थान नोंदवता येते. या व्यावसायिक स्त्रिया निदान करीत नाहीत. पुढील चाचण्यांचा निर्णय डॉक्टरच घेतात. पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यास संकोचणाऱ्या स्त्रियांनाही ही पद्धत सोयीची वाटते. अंधत्व ही या कामातील उणीव न राहता नेमणुकीची पात्रता ठरते, हे तिचे वेगळेपण होय.

प्रशासन व उच्च शिक्षण

उल्हासनगर येथील प्रांजल पाटील यांची दृष्टी वयाच्या सहाव्या वर्षी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिक्षण घेऊन पुढे त्यांनी मुंबईतील सेंट झेवियर्स महाविद्यालयात व दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अध्ययन केले. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत पहिल्या प्रयत्नात ७७३वा क्रमांक मिळाल्यावर पूर्ण अंधत्वाचे कारण देऊन त्यांना रेल्वे लेखा सेवेत घेण्यास नकार देण्यात आला. पुढच्या प्रयत्नात त्यांनी १२४वा क्रमांक मिळवला व त्या भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाल्या. २०१९ मध्ये त्यांनी तिरुवनंतपुरम येथे सब-कलेक्टर पदाची सूत्रे स्वीकारली.

कायदेशीर तरतुदी

१९९५ च्या अपंग व्यक्तीविषयक अधिनियमाने शासकीय नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण ठेवले व त्यातील १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी होता. हे आरक्षण केवळ अपंगांसाठी निश्चित केलेल्या पदांवर नव्हे, तर संवर्गातील एकूण रिक्त जागांवर मोजावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडच्या खटल्यात ८ ऑक्टोबर २०१३ रोजी दिला. २०१६ च्या अधिनियमाने एकूण आरक्षण ४ टक्के केले. अंध व अल्पदृष्टी गटाचा वाटा १ टक्काच राहिला. या अधिनियमाची अंमलबजावणी १९ एप्रिल २०१७ पासून सुरू झाली.

अंध स्त्रियांच्या दृष्टीने त्यातील तीन कलमे महत्त्वाची आहेत. कलम ४ नुसार अपंग स्त्रियांना इतरांच्या बरोबरीने हक्क उपभोगता यावेत यासाठी शासनाने उपाय योजायचे आहेत. कलम २० नुसार सेवेत असताना अपंगत्व आल्यास शासकीय कर्मचाऱ्याला कामावरून काढता किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. कलम ३७ नुसार शेतजमीन व घरांचे वाटप आणि दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी ५ टक्के वाटा असून त्यात स्त्रियांना प्राधान्य आहे. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचे सहावे कलमही अपंग स्त्रियांविषयीच आहे. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाची निर्मिती केली.

अडचणी व टीका

प्रशिक्षण केंद्रे प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत, तर गरजू स्त्रिया मोठ्या संख्येने खेड्यांत आहेत. निवासी अभ्यासक्रमासाठी सहा महिने किंवा वर्षभर घर सोडणे अविवाहित मुलीला परवानगीअभावी व विवाहितेला मुलांमुळे अवघड जाते. लहान मुलांसह राहण्याची सोय असलेली केंद्रे विरळ आहेत. घरी जाऊन शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांची पद्धत यावर उपाय म्हणून राबवली जाते. परंतु त्यासाठी स्त्री प्रशिक्षकांची संख्या पुरेशी असावी लागते.

शालेय शिक्षण न झालेल्या प्रौढ स्त्रियांचा प्रश्न अधिक बिकट आहे. आरक्षणाचा लाभ पदवी किंवा किमान दहावी झालेल्यांनाच होतो. ज्या मुलीला शाळेतच घातले नाही, तिच्यापर्यंत तो पोहोचत नाही. तिच्यासाठी शेळीपालन, कुक्कुटपालन, किराणा दुकान, पापड-मसाले असे गावात चालणारे व्यवसाय व बचत गटातील सदस्यत्व अधिक व्यवहार्य ठरते.

नोकरी मिळाल्यानंतरही पगार व बँकेचे कार्ड भावाच्या किंवा पतीच्या हाती असणे ही वारंवार आढळणारी बाब आहे. म्हणून केवळ किती जणींना नोकरी लागली या आकड्यावर प्रशिक्षणाचे यश मोजणे अपुरे आहे, असे या क्षेत्रातील अनुभवी कार्यकर्ते मानतात. प्रशिक्षण पूर्ण केलेली स्त्री एकटी घराबाहेर पडते का, स्वतःच्या मिळकतीचा विनियोग स्वतः ठरवते का आणि घरातील निर्णयांत तिचे मत विचारले जाते का, या गोष्टीही पाहणे आवश्यक ठरते.

हेही पाहा

ब्रेल लिपी
लुई ब्रेल
पांढरी काठी
नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६
प्रांजल पाटील